वळणावरचे चार फूट

अझीमभाईंचा फोन आला तेव्हा सिराज लेकीचाच थिसिस शिवत होता.

बुधवार पेठेतल्या त्या बोळात, अगदी वळणाच्या कोपऱ्यावर, त्याचं बाइंडिंगचं दुकान. अब्बांनी सुरू केलेलं. अझीमभाईंनी कंत्राटदारीत हात घातला आणि ते कोंढव्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. आलिमाआपा लग्न होऊन येरवड्याला गेली. सिराज मात्र पुठ्ठे, खळ आणि रेक्झिनच्या वासात तिथेच राहिला. तीस वर्षांत त्याने विद्यापीठाचे हजारो थिसिस बांधले असतील. इंग्रजी त्याला जेमतेम वाचता यायचं, पण पहिलं पान आणि आभाराचं पान तो वाचल्याशिवाय सोडायचा नाही. एवढ्या मोठ्या पुस्तकात माणूस खरं बोलतो ते आभाराच्याच पानावर, असं त्याचं मत होतं.

सुहानाच्या थिसिसच्या चार प्रती होत्या. नगर नियोजनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्याचं हे शेवटचं वर्ष. विषय काय, तर त्यांचाच बोळ. आभारात अब्बू होते, अम्मी होती, मार्गदर्शक चैताली मॅडम होत्या. त्याच्या पुढच्या पानावर मात्र एकच ओळ होती. सिराजने ती ओठ हलवत तीनदा वाचली. ‘सर्वेक्षणातील दुकान क्रमांक सात हे लेखिकेच्या वडिलांचे आहे.’

“हे कशाला लिहिलंस?” त्याने सकाळी विचारलं होतं.

“लिहावं लागतं, अब्बू. मोजणारं माणूस कुणाचं कोण आहे, हे वाचणाऱ्याला माहीत पाहिजे.”

सिराज ‘बरं’ म्हणाला होता. लेकीच्या या विद्येबद्दल तो नेहमी ‘बरं’च म्हणायचा. आर्किटेक्चरला नंबर लागला नाही म्हणून प्लॅनिंगला गेली, असं तो लोकांना सांगे. समोरच्या दुर्गाबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, “प्लॅनिंग म्हणजे ते कुटुंबनियोजनवाले का रे? मग जरा उशीरच केला म्हणायचा आमच्या बोळाने.” तेव्हापासून तो फार खोलात जात नसे. पण थंडीत सुहानाने बोळाची मोजणी काढली, तेव्हा दोन रविवार टेपचं दुसरं टोक त्यानेच धरलं होतं. स्वतःच्या दुकानापाशी आल्यावर तिने दोनदा मोजलं, वहीत आकडा लिहिला आणि ती पुढच्या दारापाशी गेली. ती काही बोलली नाही. तोही बोलला नाही.

आणि आता हा फोन.

“रविवारी दुपारी सगळे जेवायला या,” अझीमभाई म्हणाले. “सुहानाला आण. आणि तिने तो नकाशा काढलाय ना, तोही घेऊन ये.”

अब्बा गेल्याला अकरा वर्षं झाली होती. त्या अकरा वर्षांत अझीमभाईंनी त्याला जेवायला बोलावलं होतं ते ईदला आणि लग्नकार्याला. एरवी दोघा भावांत सलाम होता, बोलणं नव्हतं. सिराजने फोन ठेवला आणि सुईत पुन्हा दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या ओवला जाईना.

*

रविवारी आलिमाआपा आधीच येऊन बसली होती. भाभीला जाऊन दोन वर्षं झाल्यापासून या घरात माणसं जेवायची असली की स्वयंपाकाला तीच यायची. दालचा-चावल झाला, गोड झालं, आणि राहिलने, अझीमभाईंच्या थोरल्याने, टेबल स्वतः पुसून घेतलं. तेवढ्यावरून सिराजने ओळखलं, की काम मोठं आहे.

“सुहाना, उलगड बघू तुझी ती शीट.”

सुहानाने पाठीवरची लांब नळी उघडून नकाशा काढला. चार कोपऱ्यांवर आपाचा पानाचा डबा, मिठाची बरणी, राहिलचा मोबाइल आणि एक वाटी ठेवली. सगळे वाकून बघू लागले. बोळ एखाद्या वाकड्या काठीसारखा दिसत होता: हमरस्त्यावरून आत आलेला, मध्येच काटकोनात वळलेला, आणि मग दोनशे पावलं जाऊन त्यांच्या घरापाशी संपलेला.

“मस्त काढलाय. रिअली,” राहिल म्हणाला. “आता ऐका सगळे. आपल्या घरासकट सहा घरं बिल्डर घ्यायला तयार आहे. प्रत्येकाला लिफ्टचं घर. आपल्याला शिवाय खाली दुकान. बोलणी फायनलला आलीत. पण बोळातल्या लोकांनी रस्त्यासाठी अर्ज करायचं ठरवलंय, आणि त्याला हिचा नकाशा जोडणार आहेत. बरोबर, सुहाना?”

“हो. त्यांनी मागितला. मी म्हटलं, परीक्षकांसमोरची ज्युरी झाली की देते.”

“आणि ऐकलं होतं तसंच, या नकाशात आपलं दुकान जुन्या हद्दीच्या चार फूट पुढे आलेलं दाखवलंय.” राहिलने कोपऱ्यावर बोट ठेवलं. “बिल्डरने जागा मोजली ती आहे तशी मोजली. हे कागदोपत्री आलं की तो म्हणणार, हे चार फूट तुमचे नाहीतच. मग आपलं दुकान गेलं मागच्या बाजूला, नाहीतर गेलंच. तेव्हा एवढंच कर, ती पुढची रेघ आणि मागची रेघ एक करून टाक.”

“नाही करता येणार.”

“का? कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचं आहे म्हणून नाही, राहिलभाई. पुढे आहे ते पुढे आहे.”

“अगं, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. खरा नकाशा थोडाच आहे?”

“मग खोटा करायची एवढी घाई कशाला?”

आलिमाआपाला हसू आलं ते तिने पदराआड लपवलं. पण ती म्हणाली ते वेगळंच. “सुहाना, बाळा, अडून नको बसू. त्या घरात माझाही वाटा आहे. येरवड्याच्या खोलीत माझे गुडघे जिना चढत नाहीत आता. घरचंच काम म्हणून भाऊ सांगतोय.”

“फुफी, तुमचं घर कुठे जात नाहीये. चार फूट जातायत.”

“चार फूट!” आतापर्यंत गप्प बसलेले अझीमभाई बोलले. बासष्टीच्या माणसाचा आवाज, पण साइटवर माणसं हाकल्याने अजून खणखणीत होता. “तुला चार फूट म्हणजे काय ते माहीत आहे का? तुझ्या दादाजाननी ती भिंत स्वतःच्या हाताने उभी केली. मी विटा देत होतो, तुझा बाप सिमेंट कालवत होता. अठरा वर्षांचा होता तो. त्या चार फुटांवर कटिंग मशीन बसलं, आणि त्या मशीनवर तू शिकलीस. आज तू तिला चोरी म्हणतेस?”

“मी चोरी कुठेच लिहिलेलं नाही, बडे अब्बा. ‘पुढे आलेलं बांधकाम’ लिहिलंय.”

“तोंड बघा हिचं!”

सिराजला वाटलं, शेजारी बसलेली त्याची बायको, बिल्किस, आता काहीतरी म्हणेल. लेकीला कुणी आवाज चढवला की बिल्किस गप्प बसत नसे. ती बोललीही, पण ती म्हणाली, “सुहाना, राहिल म्हणतोय तसं कर.”

सुहानाने चमकून आईकडे पाहिलं.

“असं काय बघतेस? चोवीस वर्षं त्या घरात पाणी वर चढवतेय मी. घरात गॅसची टाकी येते ती माणसाच्या पाठीवरून. माझ्या खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते, बाकी काही दिसत नाही. एकदा, फक्त एकदा, मला उजेडाचं घर मिळतंय.” बिल्किसने टेबलावरच्या नकाशाकडे हात केला. “आणि ते माझीच लेक नकाशा काढून घालवणार?”

सुहाना एकटी पडली होती. आणि सगळे आता सिराजकडे बघत होते, कारण तो बाप होता, आणि अजून त्याने एक शब्दही उच्चारला नव्हता.

सिराजला बोलायचं होतं. पण अझीमभाईंसमोर बसलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. अकरा वर्षांची सवय होती ती.

“अब्बू?” सुहाना हळूच म्हणाली.

“काय सांगणार तो?” अझीमभाई खुर्ची मागे सारून उठले. “त्याला आयुष्यात एक गोष्ट वेळेवर करता आली नाही. बापाला धाप लागली तेव्हा घरात हाच होता. डॉक्टर मला म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. अर्धा तास! आणि हा बसला होता घरात, गाडी दारात येईल म्हणून वाट बघत!”

“अझीम!” आपा ओरडली.

“का? खोटं आहे? सांगू दे की त्याने खोटं आहे म्हणून.”

हेच ते वाक्य होतं. अकरा वर्षं ते दोघा भावांच्या मध्ये उभं होतं, पण तोंडावर आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बिल्किसने डोळे पुसले आणि ती ताठ बसली. राहिल खिडकीबाहेर बघू लागला. सुहानाने काही न बोलता नकाशावरची वाटी उचलली, बरणी उचलली, आणि ती शीट गुंडाळू लागली. तिचं कोपर नळीला लागलं. नळी कलंडली आणि आतून दुसरी एक शीट अर्धी बाहेर सरकली.

सिराजने ती धरली.

“ती राहू दे, अब्बू. तिचं इथे काम नाही. ज्युरीसाठी आहे ती.”

पण त्याने ती उलगडली होती. तोच बोळ, जरा मोठा काढलेला. त्यावरून एक लाल पट्टा हमरस्त्याकडून आत आला होता, वळणाशी वाकला होता, आणि वाकता वाकता त्याची आतली कड एका कोपऱ्यात घुसली होती. त्या जागी एक छोटा काळा गोल काढलेला होता. शेजारी इंग्रजीत लिहिलेला एकच शब्द सिराजला वाचता आला. अॅम्ब्युलन्स.

त्याने त्या काळ्या गोलावर बोट ठेवलं.

“हे वळण तू कसं काढलंस?” त्याने विचारलं.

“गाडीची लांबी, दोन चाकांमधलं अंतर, यावरून काढता येतं. वळताना मागची चाकं आतल्या बाजूला येतात. म्हणून आतला कोपरा मोकळा लागतो.” ती थांबत थांबत बोलत होती. “नसला तर गाडी अडते.”

“इथेच अडते?”

“हो.”

“जमिनीपासून साधारण इतक्यावर.” सिराजने स्वतःच्या कमरेच्या थोडं वर हात धरला. “इथे लागते.”

सुहानाने त्याच्या हाताकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

“भाईजान,” सिराज वळला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “अब्बांना दफन करून आलो, दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेलो. कोपऱ्याच्या भिंतीवर पांढरा रंग लागला होता. वीतभर लांब ओरखडा. गाडी पंधरा मिनिटं मागे-पुढे करत होती ती तिथेच. मी उभा राहून बघितलं. मग आतून हिरव्या रंगाचा डबा आणला आणि त्यावर ब्रश फिरवला. लोक चौकशीला यायच्या आत.”

त्याने ती शीट टेबलावर ठेवली.

“गाडी दारात येईल म्हणून मी बसलो, हे खरं आहे. येतेय, येतेय, असं फोनवर सांगत होते. ती अडली हे कळल्यावर आम्ही त्यांना खुर्चीत घालून उचलून नेलं. तुम्ही मला दोष दिलात, मी घेतला. म्हटलं, माझ्यावर राहू दे. अब्बांनी बांधलेल्या भिंतीने अब्बांची गाडी अडवली, हे कुणाला कशाला कळायला हवं? तुम्ही विटा दिल्या होत्या. मी सिमेंट कालवलं होतं.”

अझीमभाई उभे होते ते खुर्चीची पाठ धरून तसेच उभे राहिले.

“तुम्हाला माहीत होतं, अब्बू?” सुहानाने विचारलं. तिचे डोळे भरले होते. “तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही टेप धरलीत?”

“तुला कसं कळलं?” सिराजने उलट विचारलं.

तिने आईकडे पाहिलं. बिल्किसने तोंडावर हात ठेवला. “मीच पाठवलं होतं हिला,” ती पुटपुटली. “घरात गडबड उडाली होती. म्हटलं, जा, वळणावर उभी राहा, गाडीला रस्ता दाखव. या अल्ला, मी तर विसरूनच गेले होते.”

“मी हात दाखवत होते,” सुहाना म्हणाली. “डावीकडे घ्या काका, अजून डावीकडे घ्या. ते मागे जायचे, पुढे यायचे, आणि भिंतीला लागायचं. मग ते मला ओरडले, की पोरी, नीट सांग ना. मी रडत रडत सांगत होते. मग तुम्ही सगळे दादाजानना खुर्चीत घेऊन आलात, माझ्या समोरून गेलात.” तिने नाक ओढलं. “मला वाटायचं, मी चुकीचा हात दाखवला. उजवीकडे सांगायला पाहिजे होतं. शाळेत असेपर्यंत रोज त्या वळणावरून जाताना वाटायचं.”

“अगं, कुणाला तरी सांगायचंस!” आपाने तिचा हात धरला.

“कुणाला सांगणार, फुफी? घरात सगळे त्याच अर्ध्या तासाबद्दल बोलत होते. अब्बू जेवत नव्हते.” ती सिराजकडे वळली. “आर्किटेक्चरला माझा नंबर लागला होता, अब्बू. दुसऱ्या यादीत. मी सांगितलंच नाही. मला हेच शिकायचं होतं. दुसऱ्या वर्षी गाड्यांची वळणं काढायला शिकवली, तेव्हा मी घरी येऊन सगळ्यात आधी आपला बोळ काढला. सात वेळा काढला. गाडी कशीही आणली, मी हात कसाही दाखवला असता, तरी ती आत आली नसती. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.”

सिराजने पुढे होऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो हात तिथेच राहिला.

“मग तर ही शीट अजिबात बाहेर जाता कामा नये,” राहिल म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता. “लोक काय म्हणतील? आपल्याच—”

“राहिल,” बिल्किस म्हणाली, “माझं घर माझं घर करत होते मी. माझं नाव घेऊन एकही रेघ खोडू नकोस. माझ्या पोरीने अकरा वर्षं काढलीत या रेघेपायी.”

“मलाही जिना चढता येतो अजून,” आलिमाआपा म्हणाली. “हळूहळू येतो.”

अझीमभाई बेसिनपाशी गेले. नळ सोडला. हात धुतले नाहीत, नुसतं पाण्याकडे बघत उभे राहिले. मग नळ बंद करून, कुणाकडेही न पाहता, आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

अर्धा तास वाट पाहून सगळे निघाले. लिफ्टमध्ये आपा म्हणाली, “लहानपणीही असाच होता. मारून घ्यायचा, पण चुकलो म्हणायचा नाही.” खाली रिक्षात बसल्यावर बिल्किसने लेकीची मान आपल्या खांद्यावर ओढून घेतली, ती घर येईपर्यंत सोडली नाही.

*

बुधवारी ज्युरी झाली. सिराजने दिवसभर एकाच प्रतीची पाठ तीनदा चिकटवली आणि तीनदा सोडवली. संध्याकाळी सुहाना आली ती दुकानाच्या पायरीवरच बसली.

“काय झालं?”

“पास झाले. बाहेरून एक वयस्क परीक्षक आले होते. एक तास उभं केलं मला. म्हणाले, दुकान क्रमांक सातच्या मालकाला हे सगळं माहीत आहे का?”

“मग?”

“मी म्हटलं, हो सर. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं.”

“पुढे काय म्हणाले?”

“काही नाही. चष्मा काढला आणि पुसत बसले. चैताली मॅडम म्हणाल्या, जूनपासून माझ्या ऑफिसला ये. आधी वर्षभर नुसती मोजणीच करायची, मग बघू.” ती हसली. “नियोजनकार होता होता टेपच धरायची आहे अजून.”

सिराजला तिला बरंच काही सांगायचं होतं. तो फक्त म्हणाला, “बरं.” पण ते ‘बरं’ नेहमीचं नव्हतं, आणि तिला ते कळलं.

नकाशा अर्जाला जोडला गेला, होता तसाच. राहिलने काकांचा फोन घेणं बंद केलं. बिल्डरने मधल्या माणसाकरवी कळवलं, की आकडे पुन्हा बघावे लागतील, घाई नाही. म्हणजे वर्षही लागेल, पाचही लागतील. बिल्किसने ऐकून घेतलं आणि पाण्याची बादली घेऊन ती वर गेली.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सिराज दुकानात एकटाच होता. भिंतीकडे बघत बसला होता तो. चार फूट मागे घ्यायचे तर कटिंग मशीन बाहेर काढावं लागणार होतं, आणि मशीनशिवाय थिसिसची कड कापायची कशाने, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. इतक्यात बोळाच्या तोंडाशी अझीमभाई दिसले. त्यांच्यामागे संतोष गवंडी, खांद्यावर घण आणि पहार घेऊन. अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर अझीमभाई या बोळात आले नव्हते.

सिराज उठून उभा राहिला. “सलाम, भाईजान.”

“वालेकुम सलाम.” अझीमभाईंनी पत्र्याकडे पाहिलं, भिंतीवर मूठ आपटून बघितली. कंत्राटदाराची सवय. “वरचा मजला यावर नाही. नुसता पत्रा आहे. अर्ध्या दिवसाचं काम.”

“मशीन...”

“माझ्या पार्किंगमध्ये ठेव. कापायचं असेल तेव्हा ये. रोज आलास तरी चालेल.” शेवटचं वाक्य त्यांनी भिंतीला सांगितलं. मग बऱ्याच वेळाने, तसेच भिंतीकडे तोंड करून, म्हणाले, “बिल्डर यायचा तेव्हा येईल. दुखणं थांबतं का कुणासाठी?”

“भाईजान, माझं चुकलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“गप्प बस.” अझीमभाईंचा आवाज फाटला. “मी विचारायला हवं होतं. सुहाना कुठे आहे?”

ती आली, खडू आणि टेप घेऊन. अझीमभाईंनी विचारलं, “कुठपर्यंत, ते सांग.” तिने जमिनीवर वाकून रेघ मारली. समोर दुर्गाबाई हातातली मेथी टाकून दारात आल्या. “काय रे अझीम, एवढ्या वर्षांनी आलास तो भिंत पाडायला? जरा बसून तरी पाडायची.” अझीमभाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला, आणि कितीतरी वर्षांनी सिराजने भावाला हसताना पाहिलं.

मशीन बाहेर काढायला बोळातली चार माणसं लागली. पत्रा उतरला. संतोषने घण उचलला तेव्हा अझीमभाईंनी हात पुढे केला. “आण इकडे. पहिल्या विटा मी दिल्यात.”

“साहेब, तुम्हाला झेपेल का?”

“नाही झेपला तर तू आहेसच.”

त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पहिल्या घावाला नुसता गिलावा पडला. दुसऱ्याला हिरव्या रंगाचा पापुद्रा निघून खाली आला. तिसऱ्याला वीट हलली. सिराज पुढे झाला आणि हलकी झालेली वीट त्याने काढून घेतली. मग दुसरी, मग तिसरी. एक मारत होता, एक काढत होता. दोघांच्या केसांवर, भुवयांवर सिमेंटची पूड बसली. संतोष हात बांधून बाजूला उभा राहिला, कारण त्याला कुणी बोलावतच नव्हतं. बिल्किस घरून पाण्याचा तांब्या भरून घेऊन आली.

तासाभराने अझीमभाई दम घ्यायला थांबले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी घणावर रेलून पुतणीकडे पाहिलं. ती गुडघ्यांवर बसून भिंतीच्या उरलेल्या पायाला टेप लावत होती.

“बस?” त्यांनी विचारलं. “झालं का तुझ्या मनासारखं?”

सुहानाने टेपवरचा आकडा वाचला. क्षणभर ती घुटमळली. बडे अब्बांच्या धापा तिला दिसत होत्या. सिराजने तिच्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली: सांग.

“अजून दोन इंच, बडे अब्बा,” ती म्हणाली.

अझीमभाईंनी तळहाताला थुंकी लावली आणि घण पुन्हा उचलला.